वृक्षपटांत नवें नांव जोडणें : वंशावळींच्या संगणकीय मांडणीविषयीं कांहीं विचार

१. प्रास्ताविक

अलीकडे पुष्कळ घराणीं आपला कुलवृत्तांत छापून काढण्याबरोबर संकेतस्थळावरही मांडूं लागलीं आहेत. छापील ग्रंथाच्या शेवटीं वंशवृक्षाचा मोठा कागद घडी घालून जोडलेला असे. त्याची जागा आतां पडद्यावरील एका उघडझांप करणाऱ्या यादीनें घेतली आहे. मूळ पुरुषाच्या नांवाशेजारीं एक लहान त्रिकोण असतो. त्यावर बोट टेकलें असतां खालीं त्याच्या अपत्यांचीं नांवें उलगडतात, व त्यांतील एकाच्या त्रिकोणावर बोट टेकलें असतां त्याच्या पुढची पिढी दिसूं लागते. संगणकाच्या परिभाषेंत या साधनास 'ट्री व्ह्यू' आणि त्यांतील प्रत्येक जागेस 'नोड' म्हणतात. पहिल्यास आम्ही या लेखांत 'वृक्षपट' म्हणूं. नोड हा शब्द मात्र तसाच ठेवूं. त्याचा मूळ अर्थ गांठ किंवा पेर असा आहे, इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

अशा वृक्षपटांत नवा नोड कसा जोडतात हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें काम केवळ कारागिराचें असून संशोधकानें त्यांत लक्ष घालण्याचें कारण नाहीं, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो आम्हांस मान्य नाहीं. वृक्षपटाचे स्वतःचे कांहीं नियम आहेत. ते इतिहासाच्या नियमांशीं सर्वत्र जुळत नाहींत, आणि जेथें जुळत नाहींत तेथें यंत्र एक अक्षरही न बोलतां इतिहास बदलून टाकतें. हा बदल कोठें व कसा होतो हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें अस्सल कागद कितीही काळजीनें वाचला तरी त्याच्या श्रमाचें फळ पडद्यावर विपरीत दिसण्याचा संभव आहे. उदाहरणांसाठीं आम्ही सर्वांच्या परिचयाचें पेशव्यांचें भट घराणें घेतलें आहे. प्रसंगानें साताऱ्याच्या गादीचाही उल्लेख येईल.

२. वृक्षपटाची घडण

वृक्ष म्हटला तरी हा वृक्ष उलटा असतो. मूळ वर आणि शाखा खालीं. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायांतील अश्वत्थ ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. आपल्या जुन्या वंशावळींतही मूळ पुरुष माथ्यावरच असतो.

ब्राउझर एखादें पान वाचतो तेव्हां त्या सबंध पानाचा एक वृक्ष आपल्या स्मरणांत तयार करतो. यास 'डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल', संक्षेपानें 'डॉम', असें नांव आहे. या वृक्षाशीं प्रोग्रॅमनें कसें वागावें याचे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें इ. स. १९९८ मध्यें प्रथम प्रमाण म्हणून प्रसिद्ध केले. वंशावळीचा वृक्षपट हा याच मोठ्या वृक्षाचा एक भाग होय. तो बहुधा यादीच्या पोटांत यादी अशा रीतीनें रचतात. 'यूएल' ही यादी आणि 'एलआय' ही यादींतील एक ओळ. ओळींत व्यक्तीचें नांव येतें, आणि त्या व्यक्तीस अपत्यें असल्यास त्याच ओळीच्या पोटांत दुसरी यादी येते. हा क्रम कितीही पिढ्या चालवितां येतो.

या रचनेचे नियम तीन. पहिला, वृक्षास मूळ एकच असतें. दुसरा, मूळ सोडून बाकीच्या प्रत्येक नोडास वरचा नोड एक असतो आणि एकच असतो. तिसरा, कोणताही नोड स्वतःच्याच वंशजाच्या पोटीं जाऊं शकत नाहीं. पहिला व तिसरा हे नियम वंशावळीस सहज मानवतात. सगळी अडचण दुसऱ्या नियमांत आहे. तिचा विचार सहाव्या कलमांत करूं.

३. जोडण्याच्या क्रिया

नवा नोड जोडण्यास तीन क्रिया लागतात. प्रथम 'क्रिएट-एलिमेंट' या आज्ञेनें एक रिकामी ओळ निर्माण करावयाची. ती या वेळीं स्मरणांत असते, पण वृक्षाबाहेर असते. पडद्यावर दिसत नाहीं. नंतर 'टेक्स्ट-कंटेंट' या गुणांत व्यक्तीचें नांव घालावयाचें. शेवटीं 'अपेंड-चाइल्ड' या आज्ञेनें ती ओळ योग्य त्या यादीच्या अखेरीस जोडावयाची. ही तिसरी क्रिया झाली म्हणजे नांव पडद्यावर उमटतें.

समजा, बाळाजी विश्वनाथ हें मूळ घेऊन त्याखालीं बाजीराव व चिमाजी अप्पा या दोन पुत्रांच्या ओळी आपण जोडल्या आहेत. आतां चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवराव यांचें नांव जोडावयाचें आहे. चिमाजी अप्पांच्या ओळीच्या पोटांत या क्षणीं यादीच नाहीं, कारण त्यांचें हें पहिलेंच अपत्य नोंदलें जात आहे. म्हणून आधीं नवी 'यूएल' करून ती त्यांच्या ओळींत घातली पाहिजे, आणि मग तीत सदाशिवरावांची ओळ. ही मधली पायरी पुष्कळांकडून राहून जाते. ती राहिली आणि नवी ओळ हाताशीं असलेल्या बाहेरच्या यादींत जोडली गेली, तर सदाशिवरावभाऊ हे चिमाजी अप्पांचे पुत्र न दिसतां बंधु दिसतात. यंत्राच्या दृष्टीनें यांत कांहींच वावगें झालेलें नसतें. म्हणून तें तक्रारही करीत नाहीं.

तयार साधनांतही हाच विवेक लागतो. मायक्रोसॉफ्टनें इ. स. २००५ मध्यें काढलेल्या एएसपी डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तींत ट्री व्ह्यू हें साधन सिद्ध स्वरूपांत मिळूं लागलें. त्यांत मूळ नोडांचा संग्रह 'नोड्स' या नांवाचा व प्रत्येक नोडाच्या अपत्यांचा संग्रह 'चाइल्ड-नोड्स' या नांवाचा असतो. दोहोंत भर घालण्याची आज्ञा 'ॲड' हीच आहे. पुत्राचें नांव चुकून पहिल्या संग्रहांत घातलें, तर तो पुत्र न राहतां दुसऱ्या एका स्वतंत्र घराण्याचा मूळ पुरुष होऊन बसतो.

४. ज्येष्ठकनिष्ठक्रम

'अपेंड-चाइल्ड' ही आज्ञा नवी ओळ नेहमीं शेवटीं जोडते. म्हणजे जो आधीं सांपडला तो वर, मागून सांपडला तो खालीं. पण कागद जन्मक्रमानें सांपडत नाहींत. नानासाहेब पेशव्यांचे वयांत आलेले पुत्र तिघे : विश्वासराव (जन्म १७४२), माधवराव (१७४५) व नारायणराव (१७५५). एखाद्यानें ज्यांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं त्यांचींच नांवें आधीं घातलीं, आणि १७६१ मध्यें पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांचें नांव मागून जोडलें, तर सर्वांत वडील पुत्र सर्वांत धाकटा दिसेल. वारसाच्या प्रश्नांत ज्येष्ठत्वाचें महत्त्व किती, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

यासाठीं 'इन्सर्ट-बिफोर' ही दुसरी आज्ञा आहे. तीस दोन गोष्टी सांगाव्या लागतात : नवी ओळ कोणती, आणि ती कोणत्या ओळीच्या आधीं घालावयाची. एएसपी डॉट नेटमध्यें हेंच काम 'ॲड-ॲट' करते. तीस स्थानाचा अंक द्यावा लागतो. येथें गणना शून्यापासून होते, म्हणून पहिलें स्थान शून्य.

कांहीं साधनें नांवें अकारविल्हे लावून देतात. कोशाच्या सूचीस ही सोय इष्ट असली तरी वंशावळींत ती अनिष्ट आहे. शिवाय ती सूचीसही निर्धोक नाहीं. युनिकोडच्या अंकक्रमांत 'ळ' हें अक्षर 'ल' आणि 'व' यांच्यामध्यें आहे, आणि आपल्या वर्णमालेंत तें 'ह' नंतर येतें. केवळ अंकांवरून क्रम लावणारें साधन मराठी क्रम पाळील असें गृहीत धरूं नये. मराठीचा क्रम पाहिजे असें त्यास स्पष्ट सांगावें लागतें.

५. नांव आणि ओळख

आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपल्याकडील रीत वृक्षपटाच्या दृष्टीनें मोठ्या घोटाळ्याची आहे. भट घराण्याच्या थोडक्या पिढ्यांत बाजीराव दोन, चिमाजी अप्पा दोन, माधवराव दोन, आणि बाळाजी बाजीराव व धोंडोपंत हे नानासाहेबही दोन. अशा स्थितींत 'चिमाजी अप्पांच्या खालीं हें नांव जोड' अशी आज्ञा नांवावरून दिली, तर यंत्रास त्या नांवाचा जो नोड प्रथम भेटेल त्याखालीं तें जोडून मोकळें होईल. वसईच्या वीराचा पुत्र रघुनाथरावांच्या मुलाकडे जाईल किंवा उलट होईल.

म्हणून जाणते कारागीर प्रत्येक नोडास दोन गोष्टी देतात : एक वाचकास दिसणारें नांव व दुसरी न दिसणारी खूण. एएसपी डॉट नेटमध्यें पहिलीस 'टेक्स्ट' व दुसरीस 'व्हॅल्यू' म्हणतात. ही खूण म्हणजे नोंदवहींतील अनुक्रमांक असावा. तो एकदां दिला कीं पुन्हां बदलूं नये, आणि त्या व्यक्तीची नोंद रद्द झाली तरी दुसऱ्या कोणास देऊं नये. नांव बदलतें, त्याचें लेखन बदलतें, पदवी जोडली जाते. अनुक्रमांक मात्र स्थिर राहतो. नवें नांव जोडतांना 'अमक्या नांवाखालीं' असें न म्हणतां 'अमक्या क्रमांकाखालीं' असें म्हणावें.

६. एका नोडास एकच वरचा नोड

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. 'अपेंड-चाइल्ड' या आज्ञेचा एक स्वभाव असा आहे कीं, जोडावयाची ओळ वृक्षांत आधींच दुसऱ्या ठिकाणीं असेल, तर ती तेथून उचलून नव्या ठिकाणीं आणली जाते. दोन ठिकाणीं ती राहत नाहीं. जुन्या जागीं तिची कसलीही खूण उरत नाहीं, आणि तिच्या पोटांतील सर्व शाखा तिच्याबरोबर जातात. वृक्षाचा दुसरा नियम पाळला जावा म्हणून हें असें ठरविलें आहे.

इतिहासांत यास जुळणारी घटना म्हणजे दत्तविधान. इ. स. १७९५ मध्यें सवाई माधवराव निपुत्रिक वारले. पुढील वर्षीं, १७९६ मध्यें, कारभाऱ्यांच्या राजकारणांतून रघुनाथरावांचे धाकटे औरस पुत्र चिमाजी अप्पा यांस सवाई माधवरावांच्या पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवाईवर बसविण्यांत आलें. बाळाजी विश्वनाथांस पहिली पिढी धरली, तर बाजीराव दुसरी, नानासाहेब व रघुनाथराव तिसरी, नारायणराव आणि हे चिमाजी अप्पा चौथी, व सवाई माधवराव पांचवी. म्हणजे जन्मानें चौथ्या पिढींतील पुरुष दत्तविधानानें सहाव्या पिढींत गेला. नात्यानें जो चुलता तो पुतण्याचा पुत्र झाला. त्याच वर्षाअखेर चिमाजींचे थोरले बंधु दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि तें दत्तविधान रद्द ठरलें.

ही हकीकत वृक्षपटावर कशी दिसेल तें पाहावें. दत्तविधान नोंदविण्यासाठीं चिमाजींचा नोड सवाई माधवरावांखालीं जोडला, तर रघुनाथरावांच्या खालून तो नाहींसा होतो. चिमाजी त्यांचे पुत्र होते हें पडद्यावरून कळण्यास मार्ग राहत नाहीं. मग दत्तविधान रद्द झालें म्हणून नोड परत मूळ जागीं आणला, तर १७९६ मध्यें कांहीं घडलें होतें याचीच खूण राहत नाहीं. एकदां जन्म पुसला गेला आणि दुसऱ्यांदां दत्तविधान पुसलें गेलें. दोन्ही वेळां आज्ञा बिनतक्रार पार पडली.

धर्मशास्त्रानें हा प्रश्न फार पूर्वीं ओळखला होता. दत्त पुत्रास जनक पित्याचें गोत्र व रिक्थ मिळत नाहीं, असें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. येथवर शास्त्र आणि डॉम यांचें मत एक दिसतें, नोड एका घरांतून निघून दुसऱ्या घरीं गेला. परंतु विवाहाच्या बाबतींत जनककुलाशीं असलेला निषेध दत्तकास सुटत नाहीं. इ. स. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानेंही ही गोष्ट कायम ठेविली आहे. म्हणजे एक धागा जुन्या जागीं राहतोच. याहून पुढें, जनक आणि पालक या दोघांचाही पुत्र मानला जाणारा 'द्व्यामुष्यायण' शास्त्रानें मानला होता. एका नोडास वरचे दोन नोड ही कल्पना आमच्या निबंधकारांस सुचली व त्यांनीं तिला नांवही दिलें. वृक्षपटांत तिला जागाच नाहीं.

जोडरेषा कोणत्या प्रकारची आहे यावर केवढें अवलंबून असतें, याचा दाखला दूर शोधावा लागत नाहीं. १८४८ मध्यें साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं घेतलेलें दत्तक कंपनीनें मानलें नाहीं व राज्य खालसा झालें. १८५१ मध्यें दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास वारले, तेव्हां त्यांनीं १८२७ मध्यें दत्तक घेतलेल्या नानासाहेबांस सालिना आठ लक्षांचें वेतन नाकारण्यांत आलें. दोन्ही ठिकाणीं वाद एकाच रेषेचा होता : ती आहे कीं नाहीं, आणि असल्यास औरसाच्या रेषेइतकी बळकट कीं नाहीं. जो वृक्षपट औरस आणि दत्तक या दोन्ही रेषा एकसारख्या दाखवितो तो हा सारा वादच झांकून टाकतो.

७. आधीं नोंदवही, मग वृक्षपट

यावर उपाय आहे आणि तो कठीण नाहीं. वृक्षपट हें दर्शन आहे, प्रमाण नव्हे, हें प्रथम मनांत पक्कें करावें. प्रमाण म्हणून सर्व्हरवर दोन नोंदवह्या ठेवाव्या. पहिली व्यक्तींची : अनुक्रमांक, नांव, जन्ममृत्यु. दुसरी संबंधांची : कोणाचा कोणाशीं, कोणत्या प्रकारचा, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि कोणत्या कागदावरून. संबंधांच्या वहींत एका व्यक्तीच्या हव्या तितक्या ओळी असूं शकतात. चिमाजींच्या दोन येतील : रघुनाथराव, औरस, जन्मापासून, आणि सवाई माधवराव, दत्तक, १७९६, त्याच वर्षीं रद्द. मातेचा संबंधही येथेंच नोंदावा. पहिल्या बाजीरावांचे रघुनाथराव व समशेर बहाद्दर हे दोघेही पुत्र १७३४ चे. एकाची आई काशीबाई व दुसऱ्याची मस्तानी. पित्याखालीं टांगलेला वृक्षपट हें सांगत नाहीं.

या वह्यांवरून वृक्षपट काढतांना दत्तकाची ओळ दोन्ही ठिकाणीं दाखवावी. नोड दोन, पण व्यक्तीचा अनुक्रमांक एक. त्याची संतति एकाच ठिकाणीं उलगडावी आणि दुसऱ्या ठिकाणीं 'पाहा' म्हणून निर्देश करावा. नाहींतर तेच वंशज दोनदां मोजले जातील. 'क्लोन-नोड' या आज्ञेनें ओळीची नक्कल करतां येते खरी, पण नकलेबरोबर मूळ ओळीची 'आयडी' ही खूणही उतरते, आणि एका पानांत एक खूण दोघांस असणें नियमाविरुद्ध आहे. ती लगेच बदलावी. औरस व दत्तक यांतील भेद रंगानें दाखवावयाचा असल्यास खुशाल दाखवावा, परंतु शब्दही लिहावा.

वादग्रस्त संबंधास तर नोंदवहीवांचून गतीच नाहीं. शाहू महाराजांनंतर १७५० मध्यें साताऱ्यास गादीवर आलेले रामराजे हे आपले नातू, असें ताराबाईंनीं आधीं सांगितलें. त्याच वर्षीं त्यांनीं रामराजांस कैद केलें व ते खरे नव्हेत असें म्हटलें. आणि १७५२ मध्यें जेजुरीस शपथपूर्वक तेंच सांगितलें. एकाच व्यक्तीच्या मुखांतून निघालेलीं हीं दोन विधानें. वृक्षपटावर रामराजांची एक रेषा ओढली कीं वाद मिटल्यासारखा दिसतो. संबंधांच्या वहींत मात्र दोन्ही विधानें आपापल्या वर्षासह नांदूं शकतात, आणि ओळीपुढें 'वादग्रस्त' हा शब्द घालतां येतो.

एक सावधगिरी येथें सांगितली पाहिजे. एखादा पूर्वज त्याच्याच वंशजाखालीं घालूं पाहिल्यास ब्राउझर 'हायरार्की-रिक्वेस्ट-एरर' म्हणून नकार देतो. नोंदवही असा नकार आपण होऊन देत नाहीं. तीत कोणी आजोबास नातवाचा पुत्र लिहिलें तर तें लिहिलें जातें, आणि वृक्ष काढणारा प्रोग्रॅम त्या फेऱ्यांत कायमचा अडकतो. नवा संबंध लिहिण्यापूर्वीं वरच्या सर्व पिढ्या चढून पाहाव्या व तीच व्यक्ति कोठें भेटत नाहीं याची खात्री करावी. चिमाजींसारख्या प्रकरणीं, जेथें पिढ्या वरखालीं होतात, ही तपासणी विशेष अगत्याची आहे.

८. रिकामी दिसणारी शाखा

मोठ्या घराण्याचा सर्व वृक्ष एकदम पाठविला तर पान उघडण्यास वेळ लागतो. म्हणून बहुधा पहिल्या दोनतीन पिढ्याच पाठवितात आणि वाचक जी शाखा उघडील तिचीं नांवें त्या वेळीं सर्व्हरवरून मागवितात. एएसपी डॉट नेटमध्यें यास 'पॉप्युलेट-ऑन-डिमांड' असें नांव आहे. सोय चांगली, पण तिच्यामुळें तीन भिन्न गोष्टी पडद्यावर एकसारख्या दिसूं शकतात : जो निपुत्रिक वारला असें कागदांवरून ठाऊक आहे तो, ज्याच्या संततीविषयीं कागद मिळालेला नाहीं तो, आणि ज्याची संतति नोंदलेली आहे पण अद्याप मागविलेली नाहीं तो. इतिहासाच्या दृष्टीनें या तिघांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. म्हणून पहिल्यापुढें 'निपुत्रिक' व दुसऱ्यापुढें 'संततीची नोंद नाहीं' असे शब्द लिहावे, आणि तिसऱ्यास त्रिकोण द्यावा.

न उघडलेल्या शाखेंत नवा नोड जोडतांना आणखी एक घोटाळा होतो. आपण नांव जोडलें, तें वहींतही लिहिलें गेलें. मग वाचकानें शाखा उघडली आणि सर्व्हरनें सर्व नांवें पाठविलीं, त्यांत तें नवें नांवही आलें. परिणामीं एका पुत्राचे दोन पुत्र झाले. यासाठीं शाखा आधीं उघडून घ्यावी, किंवा येणाऱ्या प्रत्येक नांवाचा अनुक्रमांक आधीं असलेल्यांशीं ताडून पाहावा.

क्रमाविषयींही नियम ठेवावा. केवळ ब्राउझरमध्यें जोडलेला नोड पान पुन्हां उघडलें कीं नाहींसा होतो, कारण सर्व्हरास त्याची वार्ताच नसते. म्हणून नवें नांव आधीं सर्व्हरकडे पाठवावें. तें वहींत लिहिलें जाऊन अनुक्रमांक परत आला म्हणजेच पडद्यावर ओळ जोडावी. उत्तर न आल्यास ओळ जोडूं नये व वाचकास तसें सांगावें.

९. आणखी दोन गोष्टी

पहिली सुरक्षिततेची. नांव घालण्यास 'टेक्स्ट-कंटेंट' वापरावें, 'इनर-एचटीएमएल' वापरूं नये. पहिल्यानें दिलेलीं अक्षरें अक्षरें म्हणूनच उमटतात. दुसरें त्यांचा अर्थ आज्ञा म्हणून लावूं पाहतें, आणि नांवाच्या रकान्यांत कोणी दुष्टबुद्धीनें आज्ञा लिहिली असल्यास ती वाचकाच्या यंत्रावर चालण्याचा धोका असतो.

दुसरी अंध वाचकांची. त्यांचें यंत्र पडदा वाचून दाखवितें. त्यास ही यादी वृक्ष आहे हें कळावें म्हणून बाहेरच्या यादीस 'ट्री', ओळीस 'ट्री-आयटेम' आणि आंतल्या यादीस 'ग्रुप' अशा भूमिका लिहून द्याव्या लागतात. शाखा उघडी कीं मिटलेली हें 'एरिया-एक्स्पँडेड' या गुणानें सांगतात. ज्याला आजवर अपत्य नव्हतें त्याच्याखालीं पहिला नोड जोडला, तर हा गुण त्याच वेळीं त्या ओळीस द्यावा. न दिल्यास डोळस वाचकास नवी शाखा दिसेल आणि अंध वाचकास ती तेथें आहे हें कळणारच नाहीं. बाणांच्या कळांनीं शाखा उघडतां व मिटतां येणें हेंही आवश्यक होय.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचें सार असें. नोड जोडण्याची आज्ञा एका ओळीची असली तरी तीपूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें हातीं असलीं पाहिजेत : नवी व्यक्ति कोणत्या अनुक्रमांकाखालीं जावयाची, भावंडांत तिचें स्थान कोणतें, संबंध औरस कीं दत्तक कीं वादग्रस्त, आणि हें कोणत्या कागदावरून. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें वृक्षपट सांठवूं शकतो. पुढील दोहोंचीं तो सांठवूं शकत नाहीं. तीं नोंदवहींतच राहिलीं पाहिजेत, आणि ज्यास पाहावयाचीं असतील त्यास नांवावर बोट टेकतांच दिसलीं पाहिजेत.

ज्या घराण्यांच्या वंशावळी संकेतस्थळावर चढविण्याचें काम चालू आहे त्यांनीं कारागिरास केवळ नांवांची यादी देऊन स्वस्थ बसूं नये. संबंधांची वही आधीं मागावी, आणि तींतील प्रत्येक ओळीपुढें दप्तर, रुमाल व कागदाची तारीख लिहिण्यास रकाना आहे कीं नाहीं तें पाहावें. घरांतील जुन्या हस्तलिखित वंशावळींवर दत्तकाच्या नांवापुढें बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें पुष्कळदां आढळतें. नक्कल करतांना तें गाळूं नये, अशी सर्व वाचकांस विनंति आहे.